मुलांसाठी माहितीचं पुस्तक लिहायचंय? देवगडच्या किनाऱ्यावरून काही कामाच्या गोष्टी

देवगड बंदरावर मला लेखिका म्हणून ओळखणारी चार-पाच माणसं असतील. बाकीच्यांना मी 'प्रश्न इचारणारी काकी'. माझ्या कामाचं वर्णन म्हणून हे दुसरं नावच जास्त बरोबर आहे. आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी मी माहितीची पुस्तकं लिहिते. ओहोटी, कुर्ल्या (म्हणजे खेकडे), जांभा, कातळशिल्पं (खडकात कोरलेली चित्रं) असे विषय. जेमतेम हजार शब्दांचं एक पुस्तक व्हायला मला दीड वर्ष लागतं आणि त्यातलं प्रत्यक्ष लिहिणं सहा-सात आठवड्यांचं. उरलेला वेळ विचारण्यात, वाट बघण्यात, तपासण्यात आणि लिहिलेलं खोडण्यात जातो. हे आधीच सांगून टाकते, कारण 'मुलांचं पुस्तक ना, एका मे महिन्यात उरकेन' असं म्हणणारे शिक्षक आणि निवृत्त मंडळी मला दरवर्षी भेटतात. त्यातले बरेचसे मिरगाच्या पहिल्या सरीला गळतात.

जे गळणार नाहीत त्यांच्यासाठी मी काम कसं करते ते क्रमाने लिहिते.

विषय लहान करा, मग आणखी लहान करा

'समुद्र' हा विषय नव्हे. 'ओहोटीला खडकातल्या डबक्यात काय उरतं' हा विषय झाला. 'कोकणातले किल्ले' यावर पुस्तक लिहायला बसलात तर सनावळीच्या पलीकडे जाणार नाही. सिंधुदुर्ग किल्ला चारी बाजूंनी खाऱ्या पाण्यात, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन विहिरींना गोडं पाणी. ते कसं? एवढ्या एका प्रश्नावर अख्खं पुस्तक उभं राहतं. त्यात खडक येतो, पाऊस येतो, शिवाजी महाराजांचे बांधकाम करणारे लोक येतात, आणि कुठेही ओढूनताणून आणावं लागत नाही.

विषय चालेल की नाही हे मी घरी बसून ठरवत नाही. बाईंची परवानगी काढून एखाद्या जिल्हा परिषद शाळेत जाते आणि मुलांना कोऱ्या चिठ्ठ्या वाटते. नाव घालायचं नाही, या विषयातलं काय जाणून घ्यायचंय ते लिहायचं. कुर्ल्यांच्या पुस्तकाच्या वेळी आलेल्या काही चिठ्ठ्या माझ्याकडे अजून आहेत: 'कुर्ली आडवी कित्याक चालता?', 'नांगी तुटली तर परत येता काय?', 'शिजवताना तिका दुखता काय?' (शेवटच्या चिठ्ठीचं उत्तर कसं द्यायचं यावर मी महिनाभर अडून बसले होते.) तीस चिठ्ठ्यांत दहा-बारा निरनिराळे प्रश्न निघाले तर पुस्तक आहे. तीन-चारच निघाले तर मासिकातला लेख आहे, तो लिहा आणि पुढच्या विषयाला लागा.

या चिठ्ठ्याच पुढे पुस्तकाचा क्रम ठरवतात. पाठ्यपुस्तक वर्गीकरणापासून सुरू होतं, मूल 'चावता काय?' इथून सुरू होतं. मुलाचा क्रम घ्या.

वयोगटही आताच पक्का करा. 'सहा ते चौदा' असं मुखपृष्ठावर छापलेलं पुस्तक सहाच्या मुलाला कळत नाही आणि चौदाच्याला बाळबोध वाटतं. मी डोळ्यांसमोर एक इयत्ता ठेवते, बहुतेक वेळा चौथी.

वर्षाची आखणी समुद्र बघून करा

माझं वर्ष जूनपासून सुरू होतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या झापांनी (माडाच्या विणलेल्या झावळ्यांनी) शाकारून किनाऱ्यावर घेतलेल्या, आणि पडवीत बसून जाळी दुरुस्त करायचं काम चाललेलं. रापणीवरचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावरचा, जो माणूस डिसेंबरात दोन शब्द बोलत नाही, तो जुलैत दोन तास बोलतो, कारण हात गुंतलेले असतात आणि तोंड मोकळं. मुलाखती तेव्हाच. लिहिणंही याच दिवसांत, पण वीज एकदा गेली की दोन-दोन दिवस येत नाही, म्हणून पहिला मसुदा वहीत, हाताने. संगणकावर असलेल्या प्रत्येक मसुद्याची छापील प्रत मी मे अखेरीस काढून ठेवते.

गणपतीच्या दिवसांत कोकणात कुणाकडून काम होईल अशी अपेक्षा ठेवू नये, स्वतःकडूनही. शिमग्याचंही तेच.

नोव्हेंबर ते मार्च हे किनाऱ्यावरच्या आणि सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, कामाचे महिने. समुद्र शांत असतो, ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या अंडी घालायला येतात, सड्यावरचं गवत वाळून कातळ उघडा पडतो आणि कातळशिल्पं दिसू लागतात. एप्रिल-मे हापूसचे. पेट्या भरणाऱ्या देवगडकराला तेव्हा प्रश्न विचारायला जाणं म्हणजे शिव्या मागून घेणं. मात्र मे महिन्यात चाकरमान्यांची मुलं गावी येतात. कधी खेकडा न पाहिलेलं मुंबईचं पोर आणि रोज कुर्ल्या पकडणारं गावचं पोर एकाच ओट्यावर बसलेलं हवं असेल, तर मसुदा मे महिन्यात तयार असला पाहिजे.

वही: डावीकडे पाहिलेलं, उजवीकडे ऐकलेलं

शिसपेन्सिल वापरा. खारं पाणी लागलं की शाई पसरते, शिसं जागचं हलत नाही. वहीच्या डाव्या पानावर मी डोळ्यांनी पाहिलेलं तेवढंच लिहिते आणि उजव्या पानावर कुणी सांगितलेलं, सांगणाऱ्याच्या नावासकट. दोन्ही एकाच पानावर लिहिलं की सहा महिन्यांनी काय पाहिलं आणि काय ऐकलं याचा घोळ होतो. हा घोळ मी केलेला आहे, त्याची कथा पुढे येईल.

पानावर तारीख आणि वेळ घालाच, शिवाय तिथी घाला. किनाऱ्यावर तिथीशिवाय नोंदीला अर्थ नाही. मला हे एका म्हाताऱ्या रापणकराने शिकवलं. तिथीची पाऊणपट केली की भरती पुरी होण्याची वेळ येते, असा आपल्याकडचा हिशेब आहे. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. पुनवेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. पुनव झाली की पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे रोजची पाऊण तासाची भर बऱ्यापैकी जुळते. मी हा हिशेब पाचवीच्या वर्गाला दिला. त्यांनी भिंतीवरच्या कालनिर्णयातली तिथी बघून पंधरा दिवस धक्क्यावर जाऊन तपासला. बहुतेक दिवशी अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकाने जमला. ज्या दिवशी जमला नाही, त्या दिवशी मुलं जास्त खूश होती. ओहोटीच्या पुस्तकातलं सगळ्यात चांगलं जोडपान (समोरासमोरची दोन पानं) या पंधरा दिवसांतून निघालं, आणि उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) हे दोन शब्द मला समजावून सांगावेच लागले नाहीत.

माणसांशी वागायचे दोन-तीन नियम. होडी लागत असताना किंवा लिलाव चालू असताना प्रश्न विचारू नका. कुणाचा दिवस मोडलात तर त्या दिवसाचं काहीतरी द्या. ऋणनिर्देशात नाव घालण्याआधी विचारा, काहींना नको असतं. मुलांचे फोटो घ्यायचे तर आईवडिलांना विचारून.

जागांचेही नियम असतात. कासवं १९७२च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत. अंड्यांना हात लावायचा नाही, विजेरीचा झोत मादीवर मारायचा नाही. वनखात्यामार्फत किंवा स्थानिक कासवमित्रांबरोबरच जायचं. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२पासून हे काम गावकऱ्यांना सोबत घेऊन उभं केलं. तिथले लोक लिहिणाऱ्याला मदत करतात, पण घाई केलेली त्यांना खपत नाही. कातळशिल्पाच्या रेषा फोटोत उठून दिसाव्यात म्हणून त्यांत खडू, रांगोळी भरणारे लोक मी पाहिले आहेत. तसं करू नका. सकाळी लवकर किंवा मावळतीला जा, तिरप्या उन्हात रेषा आपोआप उठतात.

तपासणी, किंवा साहेबाच्या ओट्यांची गोष्ट

आता तो घोळ. विजयदुर्ग किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' आहेत. लहानपणापासून ऐकत आले होते की लॉकियर नावाच्या गोऱ्या साहेबाने १८ ऑगस्ट १८६८चं खग्रास सूर्यग्रहण या ओट्यांवरून पाहिलं आणि हेलियम शोधून काढला. दरवर्षी त्या तारखेला किल्ल्यावर हेलियम दिवस साजरा होतो. सुरुवातीच्या काळात एका मुलांच्या मासिकात मी ही गोष्ट लिहिली, अगदी साहेबाच्या टोपीच्या वर्णनासकट. टोपी माझ्या मनची.

महिन्याभराने एका निवृत्त शिक्षकांचं पोस्टकार्ड आलं. एकच ओळ होती: 'लॉकियर त्या दिवशी इथे होता हे आपणांस कोणी सांगितले?'

मी चिडून पुरावा शोधायला बसले. १८६८चं ग्रहण भारतातून दिसलं होतं, हे खरं. त्यासाठी शास्त्रज्ञ आले होते, हेही खरं. फ्रान्सचा जान्सन गुंटूरला होता. पण लॉकियर इंग्लंडात होता. त्याने त्याच वर्षी २० ऑक्टोबरला, ग्रहण नसताना, इंग्लंडातूनच वर्णपटमापकाने (प्रकाश रंगांत फोडून दाखवणाऱ्या यंत्राने) सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा प्रकाश तपासला. त्या प्रकाशातली पिवळी रेषा कुठल्याच माहीत मूलद्रव्याशी जुळेना, त्यातून 'हेलियम' हे नाव पुढे आलं. पृथ्वीवर हेलियम सापडला तो १८९५ मध्ये, रॅमसेला. आणि लॉकियर विजयदुर्गाला खरोखरच आला होता, पण २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणाला, यंत्रं आणि माणसं घेऊन. त्या मोहिमेचा अहवाल त्याने स्वतः लिहिला आहे. तीस वर्षांच्या अंतराने झालेल्या दोन ग्रहणांची गावाने एक गोष्ट करून टाकली होती आणि मी ती छापून मोकळी झाले.

खरी गोष्ट मुलांना जास्त आवडते, हे मला नंतर कळलं. ग्रहण नसताना सूर्याच्या ज्वाळा बघायची युक्ती काढणारा माणूस, आणि आधी सूर्यावर, मग सत्तावीस वर्षांनी पृथ्वीवर सापडलेला वायू. चौथीतलं पोर यावर तासभर बोलू शकतं. मी मात्र टोपीचं वर्णन करत बसले होते.

तेव्हापासून प्रत्येक पुस्तकाची एक तपासवही असते. तिच्यात तीन रकाने. पहिल्यात पुस्तकातलं वाक्य, जसंच्या तसं. दुसऱ्यात ते मला कसं कळलं. तिसऱ्यात ते कुणी तपासलं आणि कधी. हजार शब्दांच्या पुस्तकात दीडशेच्या आसपास वाक्यं असतात, म्हणजे दीडशे ओळी. कंटाळवाणं काम आहे, पण याला पर्याय मला सापडलेला नाही. रकाना भरताना काही गोष्टी सांभाळायच्या:

- एकाच मजकुराच्या दहा नकला म्हणजे एकच पुरावा. इंटरनेटवर विजयदुर्गाची चुकीची कथा किती ठिकाणी शब्दशः सारखी सापडते ते बघा.
- घटनेच्या जवळचा कागद शोधा: अहवाल, गॅझेटियर, त्या काळचं वर्तमानपत्र. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८चं, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४चं. अशा जुन्या वाचनालयांत ग्रंथपालाशी ओळख करून घ्या.
- तज्ज्ञाला पूर्ण पुस्तक पाठवून 'कसं वाटलं?' विचारू नका, 'छान' असं उत्तर येतं. दोन पानं पाठवा, वाक्यांना आकडे घाला आणि 'यातलं काय चुकलंय?' असं विचारा. समुद्री जीवांसाठी मी रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रात जाते. ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं आहे. प्रश्न नेमका असला की शास्त्रज्ञ वेळ देतात.

शब्द जपून वापरा. कोकणातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. 'जागतिक वारसा स्थळ झाली' असं लिहिणं चूक आहे, आणि ती चूक सर्रास दिसते. ही शिल्पं कोणी आणि कशासाठी कोरली, हे पक्कं कुणालाच ठाऊक नाही. हे वाक्य तसंच लिहा. मोठ्या माणसांना 'ठाऊक नाही' आवडत नाही, मुलं मात्र त्या वाक्यापाशी थांबतात आणि आपापली उत्तरं सुचवायला लागतात.

लिहिणं: एका कुर्लीचे चार मसुदे

आडव्या चालीच्या पानाचा माझा पहिला मसुदा असा होता:

'खेकडा हा संधिपाद संघातील दशपाद प्राणी असून त्याच्या पायांच्या सांध्यांची रचना विशिष्ट प्रकारची असल्याने तो पार्श्व दिशेने हालचाल करतो.'

एकही चूक नाही आणि एकही मूल याच्या पुढे जाणार नाही. दुसऱ्या मसुद्यात मी लाडात आले: 'बालमित्रांनो, आपली कुर्लीताई किती गंमतशीर चालते नाही!' हा पहिल्याहून वाईट. मुलाला कुणी खालच्या आवाजात लाडाने बोलू लागलं की त्याला लगेच कळतं, आता काहीतरी गळ्यात मारणार. तिसऱ्यात सगळं समजावलं, ते दीडशे शब्द झाले. चौथा छापला गेला:

'उभा राहा. गुडघा वाकव. तो मागेच वाकतो ना? कुशीकडे वाकवून बघ. नाही जमत. कुर्लीचे पाय उलट आहेत. त्यांचे सांधे कुशीकडेच नीट वाकतात. म्हणून तिला पळायचं असलं की ती कुशीकडेच पळते. तिच्या मते आडवा तूच चालतोस.'

या मसुद्यात मुलाचं स्वतःचं शरीर आलं, ते माझ्याकडून उशिरा झालं. सगळेच खेकडे आडवे चालतात असंही नाही, काही जाती सरळ पुढेही चालतात. म्हणून पुढच्या पानावर 'बहुतेक' हा शब्द ठळक टाइपात आला. शास्त्राच्या पुस्तकात 'बहुतेक' हा फार मोलाचा शब्द आहे, संपादकाला तो कापू देऊ नका.

मापं मुलाच्या ओळखीची द्या. कशेळीच्या सड्यावर कोरलेला हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे. 'दीड एसटीएवढा' म्हटलं की वर्गात शांतता पसरते.

भाषेचा प्रश्न कोकणात टळत नाही. मालवणी घरातली कुर्ली उत्तरेला चिंबोरी होते आणि पुस्तकात खेकडा. इथला मोरी मासा दुसरीकडे मुशी. मी पहिल्याच पानावर सगळी नावं देते, पुढे एकच चालवते. मुलाच्या तोंडची वाक्यं मालवणीत ठेवते, बाकी मजकूर सोप्या प्रमाण मराठीत. एका संपादकांनी मालवणी वाक्यं 'शुद्ध' करून टाकली होती. प्रूफात मी ती परत अशुद्ध केली.

पानांचा हिशेब लिहिण्याआधीच मांडा. छपाईचा फर्मा (एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी पानं) बहुधा १६ पानांचा, म्हणून मुलांचं चित्रमय पुस्तक बहुतेक ३२ पानांचं असतं. शीर्षक, श्रेयनामावली वगैरे जाऊन चौदाच्या आसपास जोडपानं हातात उरतात. चौथीच्या मुलासाठी एका जोडपानावर साठ-सत्तर शब्द पुरे. आठ कोरे ए-फोर कागद मधोमध दुमडून टाचा, ३२ पानांची डमी तयार होते. तिच्यात पेन्सिलने मजकूर आणि चित्रांच्या जागा मांडा. आपण किती जास्त लिहिलंय ते पाच मिनिटांत दिसतं.

मुलांसमोर वाचा आणि गप्प बसा

मसुदा वर्गात मोठ्याने वाचा. मध्ये थांबून समजावू नका, कारण पुस्तकाबरोबर तुम्ही घरोघर जाणार नाही. एक मैत्रीण मागे बसवा आणि कुठल्या वाक्याला किती डोकी खिडकीकडे वळली, ते तिला टिपायला सांगा. तीन डोकी वळली की ते वाक्य जातं, मला ते कितीही आवडलेलं असो.

कासवांच्या पुस्तकात एक वाक्य होतं: घरट्यातली वाळू जास्त गरम असेल तर पिल्लांत माद्या जास्त होतात, थंड असेल तर नर. मी वाचून पुढे गेले, तर शेवटच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, 'मगे अंडी उचलून दुसरीकडे पुरतत ती सावलेत पुरली तर?' किनाऱ्यावर अंडी कुंपणात हलवणाऱ्यांना खरोखरच हा विचार करावा लागतो. माझ्या मसुद्यात तो नव्हता. एक जोडपान वाढलं आणि त्यासाठी दुसरं एक, माझं आवडतं, काढावं लागलं.

चित्रकाराला पाय मोजून द्या

मजकूर तपासला म्हणजे पुस्तक तपासलं असं होत नाही. मूल आधी चित्र वाचतं. माझ्या एका पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीत मुखपृष्ठावरच्या खेकड्याला नांग्या धरून आठ पाय आहेत. हवेत दहा. आत मी 'दहा पाय मोज' असं लिहिलंय. प्रकाशकांनी चित्र थेट छपाईला पाठवलं होतं आणि मी ते पाहायचा आग्रह धरला नव्हता. पुढच्या शाळाभेटीत पहिल्या मिनिटाला एका मुलीने मुखपृष्ठावर बोट ठेवलं.

तेव्हापासून चित्रकाराला प्रत्येक जोडपानासाठी स्वतः काढलेले फोटो देते, शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेले. सोबत चुकू नये अशा गोष्टींची यादी: पायांची संख्या, भरतीची रेषा कुठे, होडीला वल्हं की इंजिन, छपराला कौलं की झाप. पेन्सिल रेखाटन झालं की बघायला मागते. रंग भरल्यावर दुरुस्ती सांगणं म्हणजे भांडण.

करार, पैसे आणि वाळवी

सुरुवात मासिकांपासून करा. बालभारतीचं 'किशोर' १९७१पासून निघतंय. पुस्तकांसाठी मराठीतले बालसाहित्याचे प्रकाशक आहेत, १९५७ साली स्थापन झालेला नॅशनल बुक ट्रस्ट आहे. प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ २०१५पासून मुलांची पुस्तकं मुक्त परवान्यावर देतं. तिथे लिहिलंत तर कुणीही तुमचं पुस्तक भाषांतरित करू शकतं, छापू शकतं. मला ते आवडतं, पण सही करण्याआधी याचा अर्थ नीट समजून घ्या. प्रस्तावात एक पानाची रूपरेषा, दोन पूर्ण जोडपानांचा मजकूर आणि माहिती कशी तपासली याचा एक परिच्छेद पाठवा. तो शेवटचा परिच्छेद फार कमी लोक पाठवतात.

करार लेखी करा आणि वाचा. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, क्षेत्र लिहिलं नसेल तर भारतापुरतं. दिलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर, करारात वेगळं ठरलं नसेल तर, तो तुमच्याकडे परत येतो. 'सर्व हक्क, कायमचे' असं कुणी घातलं असेल तर तेवढ्यासाठी वाद घालायला लाजू नका. रॉयल्टी छापील किमतीवर आहे की हातात येणाऱ्या रकमेवर, हेही विचारा.

आकडा मांडून दाखवते. पुस्तकाची किंमत १२० रुपये, रॉयल्टी १० टक्के, हजार प्रती विकल्या गेल्या तर १२,००० रुपये. चित्रकाराबरोबर निम्मी वाटली तर ६,०००. त्यासाठी दीड वर्षाचं काम. माझं घर यावर चालत नाही, भाषांतरं आणि शाळांतल्या कार्यशाळांवर चालतं. रॉयल्टीतून टीडीएस कापलेला असेल तर विवरणपत्र भरताना तपासा, परत मिळण्यासारखा असतो. एसटीची तिकिटं, फोटोंचा खर्च सगळं एका लिफाफ्यात ठेवा.

स्वतः छापायचं असेल तर आयएसबीएन भारतात मोफत मिळतो. पण हजार प्रती ठेवणार कुठे, याचा विचार आधी करा. मी पाचशे प्रती माजघरात जांभ्याच्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. एका पावसाळ्यात वरच्या दोनशेंना ओल आली आणि खालच्या वाळवीने नेल्या. आता लाकडी फळीवर, भिंतीपासून हातभर दूर, प्लॅस्टिकमध्ये, आणि एका वेळी शंभरच.

छापून आल्यावर

पुस्तक छापलं की त्याची एक प्रत माझ्या टेबलावर राहते, लाल पेनासकट. कासवांच्या पुस्तकात मी लिहिलं होतं की पूर्व किनाऱ्यावरची ऑलिव्ह रिडले वेगळी आणि आपल्याकडची वेगळी. त्या वेळी असंच समजलं जात होतं, तपासवहीतल्या तिसऱ्या रकान्यात नावही आहे. पण २०२१ मध्ये ओडिशात बिल्ला लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. म्हणजे देशाचं टोक ओलांडून ती इकडे आली. ती बातमी वाचली त्या संध्याकाळी मी प्रत उघडली, ते वाक्य लाल पेनाने खोडलं आणि समासात नवीन लिहिलं. दुसरी आवृत्ती निघेल तेव्हा ते नवीन वाक्य छापलं जाईल. तोवर शाळेत गेले की त्या पानावर थांबते आणि मुलांना खोडलेलं वाक्य दाखवते.

गेल्या वेळी एकाने विचारलं, 'ती वाटेत खंय थांबली काय?' ते मी डाव्या पानावर लिहून घेतलं, मग चूक लक्षात आल्यावर उजव्या पानावर.